मनगटावर मनगट

त्या बाईने एका मनगटावर दुसरे मनगट ठेवले, दोन्ही मुठी मिटल्या आणि ते जुळलेले हात सावकाश पोटापुढून खाली नेले, तेव्हा मला वाटले, आमच्या घरातली गोष्ट कोणीतरी भर दुकानात बोलून दाखवली. मी दचकून मागे पाहिले. नंदलाल सेठ काउंटरवर एका फोटोच्या कडा कापत होते. बाहेर मेन रोडवर दुपारचे ऊन पसरले होते आणि एक रिक्षावाला कोणाशी तरी हिंदीत भांडत होता. कोणाला काही ऐकू गेले नव्हते. ऐकू जाण्यासारखे काही नव्हतेच; पडद्यावरची बाई बोलत नव्हती, त्या नाचात कोणीच बोलत नव्हते. मी ते दृश्य मागे नेले आणि पुन्हा पाहिले. पुन्हा तिने मनगटावर मनगट ठेवले. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी माझ्या पाठीतून घामाचा एक थेंब कण्याचा माग काढत खाली उतरला.

लग्नांच्या शूटिंगचे मिक्सिंग करणे हे माझे काम आहे. गोंदियातले लग्न एकदा मांडवात लागते आणि दुसऱ्यांदा आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरवर. मुलीकडच्यांचे रडणे थोडे कमी करायचे, पंगतीतली उघडी तोंडे काढून टाकायची, वरमालेच्या मागे बर्फाचे डोंगर, कारंजी, पाण्यावरचे हंस आणून सोडायचे. ज्या घरांत कोणी जन्मात हंस पाहिलेला नाही, त्या घरांच्या लग्नांतून मी कितीतरी हंस पोहत नेले आहेत. हे सगळे सामान सेठ नागपूरहून आणतात. या खेपेच्या डीव्हीडीच्या तबकडीला वेष्टन नव्हते. सेठनी तिच्यावर स्केचपेनने ‘विदेशी डान्स’ एवढेच लिहिले होते. कुठल्याशा थंड देशातल्या मोठ्या नाटकघरात झालेला बॅले कोणीतरी समोर कॅमेरा मांडून अथपासून इतिपर्यंत चित्रित केला होता. अंधारात पुढच्या रांगेतली डोकी दिसत, मधेच कोणी खोकले तर तेही ऐकू येई. “इसमें से वो सफेद कपड़ेवाली लड़कियाँ निकाल ले,” सेठ म्हणाले होते, “चुन्नीलालजी के हिमांशू की शादी में डालेंगे. राइस मिलवाले हैं, उनको कुछ क्लासिक होना.” मला कापण्याआधी सगळे पाहून घ्यायची सवय आहे. सेठ याला वेळ घालवणे म्हणतात. पण कुठून तरी मधूनच उचललेला माणूस मला फार एकटा वाटतो. तो कुठून आला होता हे निदान मला तरी ठाऊक असावे.

म्हणून मी पहिल्यापासून पाहत होतो. रंगवलेला समुद्र, रंगवलेला किनारा, आणि एक लग्नघर. नवरा मुलगा समुद्रावर गेलेला आहे आणि आज यायचा आहे. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली नवरीला सजवतात, पायांच्या अंगठ्यांवर उभ्या राहून तिच्याभोवती फिरतात. त्यांचे हात असे वळतात की हातांत हाड नसावे. मग मागच्या पडद्याच्या फटीतून राखी शालीतली एक बाई येते. वाद्ये एकेक करून गप्प होतात आणि एकच काहीतरी, बहुधा बासरीच्या जातीचे, बारीक वाजत राहते. नवरी आपल्या बोटातल्या अंगठीच्या जागेला स्पर्श करते आणि रिकामा तळवा पुढे धरते. तो कुठे आहे? राखी बाई समुद्राकडे हात करते. आणि मग मनगटावर मनगट ठेवते. नवरीला कळत नाही, किंवा कळून घ्यायचे नसते. ती पुन्हा बोट दाखवते, पुन्हा तळवा पुढे करते. तेव्हा राखी बाई तेच पुन्हा करून दाखवते, अधिक सावकाश, लहान मुलाला सांगावे तसे. एकेक मुलगी जमिनीवर बसत जाते, आणि नवरी अंगठ्यांवरच मागे मागे सरकत रंगवलेल्या समुद्राला पाठ टेकते. यासाठी कोणती भाषा शिकावी लागत नाही. तो मेला. मनगटावर मनगट म्हणजे मरण.

बाबा हेच म्हणत होते. गेले कित्येक महिने खाटेवर, भिंतीला लावलेल्या उशीला टेकून, माझ्याकडे आणि आईकडे पाहत बाबा हेच म्हणत होते. लकव्याने त्यांची उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली. ते आधी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर आणतात, कोणाची विसरलेली वस्तू उचलून नीट ठेवावी तसा. मग त्या हाताची बोटे एकेक करून मिटवतात. मग त्या मनगटावर आपले डावे मनगट आडवे ठेवतात, डावी मूठही मिटतात, आणि थांबतात. थांबणे हाच त्यातला सर्वांत अवघड भाग असावा, कारण त्या वेळी ते आमच्या तोंडांकडे पाहत असतात. आई म्हणते, “मनगट ठनकून राह्यलं त्यायचं,” आणि मोहाच्या टोरीचे, म्हणजे बियांचे, तेल वाटीत कोमट करून आणते. ते मिटवलेले हात ती सोडवते, उजवे मनगट आपल्या गुडघ्यावर घेते आणि अंगठ्याने चोळत बसते. खोलीभर तो जड, तुरट वास पसरतो. माझ्या बहिणीला, तिरोड्याला दिलेल्या रश्मीला, वाटले की बाबा घड्याळ मागत आहेत. तिने नवे घड्याळ आणून त्या मनगटावर बांधले; दुसऱ्या दिवशी बाबांनी ते दातांनी सोडवले. मला वाटे, त्यांना थंडी वाजते. मी त्यांच्या छातीपर्यंत चादर ओढीत असे. तेल, घड्याळ आणि चादर. एक माणूस रोज आपल्या माणसांकडे मरण मागतो, आणि त्याची माणसे त्याला रोज काहीतरी आणून देतात.

पण हे त्यांना कोणी शिकवले? चोरखमाऱ्याच्या बाजूच्या खेड्यात जन्मलेल्या, नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांना फिरवण्यात आयुष्य गेलेल्या भोजराज नावाच्या माणसाने असला नाच पाहण्याचा काही संबंध नव्हता. मी स्वतःला हे पुन्हा पुन्हा बजावले. मी तर जे नाही ते जोडून दाखवणारा माणूस. तिरोड्याच्या नवरीच्या मागे बर्फ पाडतो. एका जागची माणसे दुसऱ्या जागी अशी बसवतो की सांधा दिसू नये. मग हाही एक असाच सांधा नसेल कशावरून? थंड देशातल्या एका बाईचे हात आणि आमच्या भाड्याच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्याचे हात मी शेजारी ठेवले आणि मलाच त्यात अर्थ दिसू लागला. कदाचित खरोखरच मनगट ठणकत असेल. हे मी रिक्षा स्टँडवरून घराकडे चालताना रोज म्हणत असे, आणि रेल्वेचा पूल ओलांडेपर्यंत ते मला पटलेलेही असे. मग मी घरी पोचायचो, बाबा डाव्या हाताने उजवा हात उचलायचे, आणि मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकून राहायचो. एका गोष्टीचा मला उलगडा व्हायला हवा होता आणि त्याच एका गोष्टीची मला भीती होती: बाबांना खरोखर मरण हवे आहे का, आणि ते माझ्याकडे मागत आहेत का. कारण हो असेल, तर पुढे मी काय करणार होतो? ज्याला दुकानदाराकडे उरलेली सुटी नाणी मागवत नाहीत, असा मी.

बाबा आधीही बोलत नसत. जंगलात बोलायचे नसते, आणि घरी येईतो त्यांची ती सवय उतरत नसे. मी लहान असताना एकदा त्यांनी मला बरोबर नेले होते. मोहाच्या फुलांचे दिवस होते. पहाटेच्या गारव्यात सगळ्या वाटेवर तो गोड, आंबूस वास साचून राहिला होता. मी त्यांच्या पुढे चालत होतो आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. हात जड झाला की थांबायचे, हलका झाला की चालायचे, उजव्या बाजूने दाबला की उजवीकडे पाहायचे. उजवीकडे पाहिले तर तळ्याच्या काठी सांबर उभे होते, पाण्याला तोंड लावलेले, कान आमच्याकडे. परत येईपर्यंत आम्ही दोघांनी एक शब्द उच्चारला नव्हता, आणि तरी शाळेत मी मुलांना सांगितले की बाबा माझ्याशी खूप बोलले. आज त्या खांद्यावर काही नसते. कधीकधी कॉम्प्युटरसमोर बसलो असताना तिथे भार पडल्यासारखा वाटतो, मी थांबतो, आणि सेठ मागून म्हणतात, “क्या बे, हँग हो गया क्या तू?”

ते दृश्य सेठनीही पाहिले. ते खुर्चीमागे उभे राहून पान चघळत होते, आणि राखी बाईने मुठी मिटल्या तेव्हा त्यांचे चघळणे थांबले. “ये! ये हाथवाला. ये डालना वरमाला के टाइम पे. क्या क्लासिक है यार.” मी म्हणालो, “सेठ, ये सीन...” “क्या ये सीन?” “ये शादी में ठीक नहीं लगेगा.” “क्यों? शादी ही तो है. लड़की है, सहेलियाँ हैं, आंटी आशीर्वाद दे रही है.” तो आशीर्वाद नाही, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होते. पण ते बाहेर पडले असते तर सेठनी विचारले असते, तुला कसे ठाऊक. आणि त्याचे खरे उत्तर पडद्यावर नव्हते, आमच्या खोलीत खाटेवर होते. “तू बहुत सोचता है, राजदीप,” सेठ पाठीवर थाप मारून म्हणाले, “डाल दे, गोंदिया में कौन पूछने आ रहा है.” मी टाकले. हिमांशूने नवरीच्या, रेणूच्या गळ्यात हार घातला, आणि त्यांच्या माथ्यांवरच्या आकाशात राखी शालीतली बाई धूसर होत आली आणि त्यांना सांगू लागली.

त्याच आठवड्यात केवलराम काका आले. ते जंगलात बाबांच्या जिप्सीचे ड्रायव्हर. पिशवीतून पाणी ठिबकत होते, आत बोदलकशाकडच्या बोडीतले, लहान तळ्यातले, ओले शिंगाडे होते. दारातूनच ते ओरडले, “जयभीम भोजूभाऊ! काय गा, शहरात येऊन गोरे झाले तुमी!” बाबांचा अर्धा चेहरा हसला. आई चहा ठेवायला उठली. “चहा ठेवू नोको वहिनी, बस निघून जाईन,” म्हणत काका खाटेवर मांडी घालून बसले आणि तासभर हलले नाहीत. गेटवर कोण नवा साहेब आला, कोणत्या वाघिणीने पिले आणली, पुण्यामुंबईची माणसे मोबाईल कसे बंद करत नाहीत, सगळे सांगून झाले. मग म्हणाले, “पाहू, विसरले तं नाही? वाघ कसा सांगता?” बाबांनी डावा हात वर केला आणि बोटे नखांसारखी वाकवली. “अन् अस्वल?” बाबांनी छातीवर बोटाने दोन तिरप्या रेघा ओढल्या, अस्वलाच्या छातीवर पांढरा पट्टा असतो तशा. “अन् रानकुत्रे?” बाबांनी हात आडवा धरून बोटे भराभर पळवली. “वा गा! अर्धा मानूस हाय, पन गाईड पूरा हाय!” काकांनी मांडीवर थाप मारली, आई पदर तोंडाला लावून हसली, आणि मी पाहिले की बाबांच्या डाव्या डोळ्यात इतक्या महिन्यांत प्रथमच माणूस घरी असल्यासारखा उजेड आहे. म्हणजे बाबांची भाषा शाबूत होती. म्हणजे ते वाटेल ते, वाटेल तसे करत नव्हते. ज्या हाताने वाघ म्हणजे वाघच होत होता, तो हात मनगटावर ठेवून ते उगीच काही म्हणणार नव्हते.

काकांना बस स्टँडवर सोडायला मी गेलो. तिथे गर्दीत उभे राहून मी माझे मनगट मनगटावर ठेवले, मुठी मिटल्या आणि विचारले, “काका, हा इशारा तुमच्यात कशाचा होय?” त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. “हे? नाही गा बाबू. हे आमच्या जंगलातलं नोहे. काऊन, कोन करते?” मी म्हणालो, “बाबा.” बस लागली होती, माणसे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होती, पण काका हलले नाहीत. “तू मले इशारे विचारू नोको, बाबू,” ते शेवटी म्हणाले. “त्या दिवशीची गोष्ट तुले कोनं सांगतलन का नाही, मले माहीत नाही. तळ्याच्या वळनावर तेनं हात वर केलन अन् गाडीचा वरचा दांडा धरलन. मले वाटलं, थांब म्हनते. मीनं गाडी बंद केली. मागं पाच-सहा जन होते, सारे चूप. सारे झाडीत पाहून राह्यले. एक बाई तं देवाचं नाव घेऊन राह्यली होती हळूहळू, का आता वाघ निंगते. कॅमेरे तयार. कोनी साधं खोकललं नाही. तेचा हात खालीच येये ना. मले वाटे, किती मोठा वाघ असन! लय वेळ झाला, मंग मी मान काढून तोंड पाह्यलो, तं तोंड वाकडं.” त्यांनी मनगटाने नाक पुसले. “तेच्याबरोबर इतके वर्स फिरलो, अन् तेचा हात मीच वाचू नाही शकलो. तू मले नोको विचारू.” मग ते बसमध्ये चढले आणि माझ्याकडच्या खिडकीत न बसता पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.

मी पुलावर बराच वेळ उभा राहिलो. खालून मालगाडी जात होती, तिचे डबे एकामागून एक येत होते आणि प्रत्येक डब्याबरोबर पुलाचा कठडा माझ्या तळव्याखाली थरथरत होता. माझ्या डोळ्यांपुढे ती गाडी होती, जंगलातली. बंद केलेले इंजिन, सागाची पाने, आणि श्वास रोखून वाघाची वाट पाहणारी माणसे. आणि त्या सगळ्या आदरपूर्वक शांततेच्या मध्यभागी, हात वर करून, आतल्या आत कोसळणारे माझे बाबा. इतकी माणसे त्यांचे ऐकत होती. इतके मन लावून त्यांचे आयुष्यात कोणी ऐकले नसेल.

रविवारी मी दुकानातला डीव्हीडी प्लेअर घरी आणला. मी ठरवले होते ते असे: बाबांना ते दृश्य दाखवायचे आणि त्यांच्याकडे पाहायचे. विचारायचे काही नाही. ते त्यांचे असेल तर त्यांना ओळखू येईल, नसेल तर नाही. आई विहारात जाईल अशा बेताने मी दुपार धरली होती, पण ती गेली नाही. “घरी सिनेमा आनलास अन् मी वंदनेले जाऊ?” म्हणून ती सुपात तांदूळ घेऊन खाली बसली. मी प्लेअर टीव्हीला जोडून सुरू केला. समुद्र आला, किनारा आला, पांढऱ्या मुली आल्या. “हे कोनाचं लगन होय?” आईने विचारले. मी म्हणालो, “विदेशातला नाच होय, आई.” “बोलून काऊन नाही राह्यले? आवाज बिगडला का?” “नाही. ते बोलतच नाहीत.” “अख्ख्या सिनेमात?” “हो.” “मंग एकमेकाले समजते कसं?” ती तांदळातला खडा उचलून कोपऱ्यात टाकत म्हणाली, “अन् पोरी अंगठ्यावर काऊन चालून राह्यल्या? खाली चिखल हाय का? आमी धानाच्या रोवन्याच्या बांधीतबी अशा नाही चाललो वो माय!” एरवी मी हसलो असतो. बाबा पाहत होते. सुरुवातीला ते नाच पाहत नव्हते, मागचे पडद्यावर रंगवलेले पाणी पाहत होते, पाण्यावर काही यायचे असल्यासारखे. मग ते पायांकडे पाहू लागले. त्या मुली उड्या मारत आणि त्यांचा खाली येतानाचा आवाज होत नसे. बाबांची मान तेवढ्यापुरती हलकीशी झुकत असे, पानांवर पाय न वाजवता चालणारा दिसला की ते पूर्वी झुकवत असत तशी.

आणि मग राखी शाल फटीतून बाहेर आली. नवरीने बोट दाखवले, तळवा पुढे केला. राखी बाईने समुद्राकडे हात केला आणि मनगटावर मनगट ठेवले. खोलीत फक्त सुपातले तांदूळ सरकल्याचा आवाज झाला. पडद्यावर तिने ते दुसऱ्यांदा केले, सावकाश. आई म्हणाली, “पाह्य, तिचाबी हात दुखते.”

मी बाबांकडे पाहिले. मी असे योजले होते की मी त्यांना पाहीन. पण बाबा पडद्याकडे पाहत नव्हतेच. ते माझ्याकडे पाहत होते. किती वेळापासून, कोण जाणे. ज्या डोळ्यांनी त्यांनी गवतातला कान ओळखला, सुकलेल्या ओढ्यातला ठसा ओळखला, त्या डोळ्यांनी ते माझा चेहरा पाहत होते, आणि माझ्या चेहऱ्यावर सगळे उमटलेले असणार. त्यांचा डावा हात त्या वेळी उजव्या हाताखाली गेलेला होता, उचलण्यासाठी. तो तिथेच थांबला. मला ओरडून सांगायचे होते की बाबा, मला काही कळले नाही, मी दुसरेच पाहत होतो, तुम्हाला थंडी वाजते का. तोंड उघडले, पण जीभ हलली नाही. त्या क्षणी आम्ही दोघे अगदी सारखे होतो. मग बाबांनी आपला हात उजव्या हाताखालून काढून घेतला, हळूच, झोपलेल्या कोणाच्या मानेखालून काढावा तसा, आणि खाटेच्या कडेवर ठेवून दिला. पडद्यावर मुली एकेक करून बसत होत्या. बाबांनी डोळे मिटले. “झोपले वाटते,” आई म्हणाली, “बंद कर. चांगलं हाय, पन गानं पाह्यजे होतं.”

त्या दिवसानंतर बाबांनी तो इशारा केला नाही. पहिले काही दिवस मी पाहत राहिलो, संध्याकाळी चपला काढताना खाली न वाकता. हात खाटेवर पडलेला असे, सरळ, उघडा. रश्मीचा फोन आला तेव्हा आईने तिला सांगितले की मनगटाला आता आराम आहे. शेजारी यादोराव पेपर मागायला आले, त्यांनाही सांगितले. ते म्हणाले, “मंग तं हळूहळू बोलतीनबी.” सगळ्यांनी मान हलवली, मीही हलवली. चुन्नीलालजींच्या घरी लग्नाच्या डीव्हीडीची चार चारदा पारायणे झाली होती. सेठ खुशीत होते. “वो हाथवाला सीन सबको पसंद आया, बोलते हैं मन को शांति मिलती है,” ते म्हणाले, आणि पुढच्या लग्नालाही तेच टाक म्हणाले. मी टाकतो. आता ते मला पाहावे लागत नाही, हात सवयीने जागा शोधतो.

पण आई तेल अजून चोळते. आराम पडला म्हणते आणि रोज संध्याकाळी वाटी कोमट करून आणते, उजवे मनगट गुडघ्यावर घेते आणि अंगठ्याने चोळत बसते. एकदा मी विचारले, “आता कायले, आई? दुखणे तर थांबले ना?” ती वर न पाहता म्हणाली, “मी नाही थांबत.” तिने हे इतक्या साधेपणाने म्हटले की मी पाणी पिण्यासाठी उठलो आणि माठाजवळ तसाच उभा राहिलो. तिला पहिल्याच दिवशी कळले असेल का? माझ्याआधी, रश्मीच्या घड्याळाआधी, कोणत्याही नाचाची तबकडी न पाहता कळले असेल, आणि जे मागितले ते देता येत नाही म्हणून ते मिटलेले हात सोडवून ती त्यांना रोज नाही म्हणत असेल? मी मागे वळून पाहिले. ती चोळत होती, बाबा छताकडे पाहत होते, आणि दोघांमध्ये ती तेलाची वाटी होती. मला त्यांच्यात पाऊल टाकायला जागा नव्हती.

आणि आता मला असे वाटते की त्यांनी तो इशारा एकदा करावा. असे वाटणे किती भयंकर आहे हे मला समजते. पण तो होता तोवर त्यांच्याजवळ स्वतःचे असे एक म्हणणे होते, आणि ते त्यांनी माझा चेहरा पाहून परत घेतले. ते मरण मागत होते की नाही हे मला आता कधीच कळणार नाही. मला एवढेच कळले आहे की ते जे काही होते ते माझ्याने सोसणार नाही, असे त्यांनी ठरवले. मी त्यांच्याजवळ बसतो. कधी कोणी पाहत नसताना त्यांची उजवी मूठ मीच मिटवून ठेवतो, बोट बोट करून. ते मला मिटवू देतात आणि छताकडे पाहत राहतात. जरा वेळाने ती बोटे आपोआप सैल होऊन उघडतात.

काल दुकानातून आलो तेव्हा संध्याकाळ होती आणि आई मागच्या बाजूला भांडी घासत होती. बाबांनी डावा हात उचलला. मी दारातच उभा राहिलो, एक चप्पल पायात, एक काढलेली. हात वर आला, उजव्या हाताकडे गेला नाही. पाचही बोटे टोकांशी जुळली, ओठांपर्यंत गेली, आणि मग ती माझ्याकडे वळली. जेवलास का? हे कोणालाही कळले असते. चोरखमाऱ्यात कळले असते, त्या रंगवलेल्या समुद्राच्या काठीही कळले असते. माझ्याकडून हो की नाही काहीच निघाले नाही, म्हणून बाबांनी तेच पुन्हा केले, अधिक सावकाश. मी आत गेलो, स्वतःच ताट घेतले, भात वाढून घेतला आणि खाटेसमोर खाली बसलो. मी जेवत होतो तोवर ते माझ्या हाताकडे पाहत होते, घासामागून घास. मी ताटातून मान वर काढली नाही.